‘वापर’ म्हणजे काय, हे कोणी ठरवायचे?

इंग्रजी शिकू लागलेल्या माणसाला ‘यूज’ हा शब्द पहिल्या काही आठवड्यांतच भेटतो आणि त्यानंतर तो शब्दकोशात पाहण्याची वेळ सहसा आयुष्यभर येत नाही. वापरणे, उपयोग करणे, एवढ्या अर्थावर काम भागते. शब्दकोश अवघड शब्दांसाठी असतो असा आपला समज आहे. कोशकारांचा अनुभव मात्र नेमका उलटा आहे. त्यांचा घाम अवघड शब्द काढत नाहीत, सोपे शब्द काढतात. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाची होती, आणि त्यानंतर सुरू झालेल्या फेरतपासणीत ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले. अमेरिकी भाषाभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्येच दाखवून दिले होते की शब्द जितका वारंवार वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक. सोपा शब्द सोपा दिसतो तो सवयीमुळे.

या बहुअर्थीपणाचे कौतुक करणारे लेखन पुष्कळ आहे आणि त्यात गंमतही असते. पण हा प्रश्न केवळ गमतीचा नाही. कायदा, आंतरराष्ट्रीय करार, कंपन्यांच्या अटी या सगळ्यांत तोच घरगुती शब्द बसवला जातो आणि मग त्याचा अर्थ काय यावर माणसाच्या आयुष्याची वर्षे ठरतात. माझे म्हणणे असे की शब्दाला अनेक अर्थ असणे हा भाषेचा दोष नाही. परंतु ज्यांच्या हाती त्या शब्दाच्या आधारे दुसऱ्यावर सत्ता गाजवण्याचा अधिकार आहे, त्यांनी तो मोकळा सोडणे आणि पुढे वाद उद्भवला की शब्दकोशाकडे किंवा समानार्थी शब्दांच्या यादीकडे बोट दाखवणे, ही जबाबदारी टाळण्याची रीत आहे. ‘यूज’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

शब्दाचा प्रवास थोडा पाहू. लॅटिनमधील ‘उती’ आणि ‘उसुस’ या रूपांपासून जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. नाम म्हणून उच्चारताना शेवटी ‘स’ येतो, क्रियापद म्हणून ‘झ’ येतो, आणि ‘पूर्वी तसे करत असे’ या अर्थाच्या ‘यूस्ट टू’मध्ये पुन्हा ‘स’ परत येतो. म्हणजे लिहिताना एकच असलेला शब्द बोलताना तीन ठिकाणी दोन प्रकारे वागतो. रूढी, परिपाठ हा त्याचा जुना अर्थ आहे. इंग्लंडमध्ये निरनिराळ्या धर्मक्षेत्रांच्या उपासनापद्धतीला ‘यूज’ म्हणत. सॉल्झबरीची पद्धत ती ‘सेरम यूज’. १५४९ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने प्रार्थनाविधी एकसारखा केला, तेव्हा यापुढे संपूर्ण राज्यात एकच ‘यूज’ राहील असे त्याच्या प्रस्तावनेत लिहिले गेले. वागवणे हाही एक अर्थ होता आणि ‘वाईट वागवलेला’ या अर्थाने तो अजून पूर्णपणे गेलेला नाही. पैशाच्या वापराचे मोल म्हणजे व्याज, आणि त्याच मुळापासून सावकारीसाठी ‘यूजरी’ हा निंदाव्यंजक शब्द तयार झाला.

सर्वांत मजेदार प्रकार जमीनविषयक कायद्यातला आहे. एकाच्या नावावरील जमीन दुसऱ्याच्या हितासाठी धारण करण्याच्या व्यवस्थेला इंग्लंडमध्ये ‘यूज’ म्हणत आणि आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ मध्ये, तिला आळा घालण्यासाठी ‘स्टॅट्यूट ऑफ यूजेस’ हा कायदा झाला. कोणालाही वाटेल की हा ‘वापरा’चाच एक पारिभाषिक अर्थ असावा. परंतु कायद्याचे इतिहासकार एफ. डब्ल्यू. मेटलंड यांनी दाखवले की या शब्दाचे मूळ ‘उसुस’ नसून ‘ओपुस’ हा निराळाच लॅटिन शब्द आहे. ‘अमक्याकरिता’ या अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दप्रयोगात तो येत असे. दोन वेगळे शब्द उच्चाराने जवळ आले, एकाच रूपात मिसळले आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांना एकच समजून घेतले. म्हणजे ‘एका शब्दाचे अनेक अर्थ’ असे आपण म्हणतो तेव्हा तो शब्द तरी एकच आहे याची खात्री नसते.

आता हाच शब्द मराठीत आणू पाहा. औषध वापरतो, पण सुखाचा उपभोग घेतो. निधीचा विनियोग होतो. अधिकार बजावला जातो. इंधन खर्च होते. बळाचा प्रयोग केला जातो. थंडीची सवय होते. आणि स्वार्थासाठी कोणी आपल्याला ‘वापरून घेतले’ तर मन दुखावते. इंग्रजीत या सर्व ठिकाणी ‘यूज’ चालून जातो. त्यावरून मराठी श्रीमंत आणि इंग्रजी दरिद्री असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो फसवा आहे. आपल्या ‘लागणे’कडे पाहा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वेळ लागतो, डोळा लागतो, नादही लागतो. इंग्रजीला या प्रत्येक जागी वेगळे क्रियापद शोधावे लागते. (पाहा, इथेही ‘लागते’च आले.) प्रत्येक भाषेकडे असे चार-दोन हमाल शब्द असतात आणि सगळे ओझे त्यांच्याच पाठीवर टाकलेले असते.

अशा शब्दाचा अर्थ सांगण्याची शाळेतली पद्धत म्हणजे समानार्थी शब्दांची यादी. ‘यूज’साठी ‘एम्प्लॉय’, ‘यूटिलाइज’, ‘अप्लाय’, ‘एक्सरसाइज’, ‘कन्झ्यूम’, ‘एक्स्प्लॉइट’, ‘वील्ड’ असे सात-आठ शब्द पाठ करून घेतले जातात, जणू ते एकमेकांच्या जागी बसवता येतील. पण माणसाला ‘एम्प्लॉय’ केले तर त्याला पगार मिळतो आणि ‘एक्स्प्लॉइट’ केले तर त्याचे शोषण होते. हक्क ‘एक्सरसाइज’ करता येतो, ‘कन्झ्यूम’ करता येत नाही. ‘वील्ड’ तलवारीला किंवा सत्तेला शोभते, चमच्याला नाही. पीटर मार्क रोजे या वैद्याने १८५२ मध्ये आपला प्रसिद्ध शब्दसंग्रह छापला, तेव्हा त्याने शब्द वर्णानुक्रमाने न लावता कल्पनांच्या सुमारे हजार गटांत लावले. लेखकाच्या मनात कल्पना आहे, शब्द आठवत नाही, तो त्याने तिथे येऊन ओळखावा, अशी ती योजना होती. ओळखायचा म्हणजे तो आधी ठाऊक असला पाहिजे. ती मांडणी शब्दांचे गोत्र सांगते; एका गोत्रातली माणसे एकमेकांच्या नावाने सही करू शकत नाहीत.

समानार्थी शब्दांच्या हव्यासाविरुद्ध उभी राहिलेली चळवळ म्हणजे सोप्या इंग्रजीची चळवळ. ब्रिटनमध्ये १९७९ पासून ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ सरकारी बोजडपणाविरुद्ध झगडते आहे, अमेरिकेत २०१० मध्ये सरकारी लेखन सुबोध असावे असा कायदाच झाला, आणि या मंडळींचा लाडका सल्ला म्हणजे ‘यूटिलाइज’ खोडा, ‘यूज’ लिहा. दहापैकी नऊ वेळा सल्ला योग्य आहे. ‘यूटिलाइज’ लिहिणाऱ्याला बहुधा फक्त भारदस्त दिसायचे असते. तरी एक गोष्ट या चळवळीच्या नजरेतून निसटते, असे मला वाटते. शब्द छोटा आणि परिचित असला की वाक्य वाचायला सोपे होते, पण अर्थ निश्चित होतोच असे नाही. पुष्कळदा उलटच होते, कारण जो शब्द सर्वांना ठाऊक आहे तो प्रत्येकाला आपापल्या परीने ठाऊक असतो. सुबोध आणि निःसंदिग्ध हे दोन वेगळे गुण आहेत. कायद्याला दोन्ही हवेत, आणि फक्त पहिला साधला तर काय होते ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ ते २००७ या पंधरा वर्षांत दाखवले.

१ जून १९९३ रोजी त्या न्यायालयाने ‘स्मिथ विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या खटल्याचा निकाल दिला. अमली पदार्थांच्या व्यापाराचा गुन्हा करताना आणि त्या गुन्ह्याच्या संबंधात जो कोणी बंदूक ‘यूज’ करील किंवा जवळ घेऊन वावरेल, त्याला वाढीव शिक्षा द्यावी, अशी कायद्याची तरतूद होती. साधी बंदूक असेल तर पाच वर्षे. मशिनगन असेल किंवा आवाज दाबणारे नळकांडे जोडलेले असेल तर तीस वर्षे. आरोपीने स्वयंचलित बंदूक देऊन तिच्या बदल्यात दोन औंस कोकेन मागितले होते आणि समोरचा माणूस वेषांतर केलेला पोलीस निघाला. त्याने गोळी झाडली नव्हती, धाक दाखवला नव्हता, बंदूक रोखलीही नव्हती. ती केवळ विनिमयाची वस्तू होती. प्रश्न एवढाच होता की हा बंदुकीचा ‘यूज’ झाला का. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणाले की झाला, आणि तीस वर्षे कायम झाली.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिला. त्यांनी कोश उघडले. एका कायदेकोशात ‘यूज’चा अर्थ दिला होता: उपयोग करणे, स्वतःच्या कामी लावणे, ‘एम्प्लॉय’ करणे, ‘यूटिलाइज’ करणे, एखाद्या साधनाद्वारे हेतू तडीस नेणे. आरोपीने बंदूक कोकेन मिळवण्याच्या कामी लावली, म्हणून ती ‘यूज’ केली. ही व्याख्या नीट पाहिली तर ती शाळेतली समानार्थी शब्दांची यादीच आहे. तिच्यात शब्द आपल्याच नातेवाइकांकडून ओळखपत्र घेऊन आलेला आहे. प्रत्येक पर्याय मूळ शब्दाइतकाच सैल, आणि सैल अधिक सैल म्हणजे घट्ट होत नाही. अशा व्याख्येत काय बसते यापेक्षा काय बसत नाही हे विचारले पाहिजे, आणि त्याचे उत्तर जवळपास काहीच नाही असे येते.

अल्पमतातले न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांचा दाखला प्रसिद्ध आहे. तुम्ही काठी वापरता का, असे कोणी विचारले तर दिवाणखान्यात आजोबांची चांदीच्या मुठीची काठी शोभेला ठेवली आहे का, हे त्याला जाणून घ्यायचे नसते. तुम्ही काठी टेकत चालता का, हे विचारायचे असते. हा दाखला मराठीत जसाच्या तसा लागू पडतो, हे मला महत्त्वाचे वाटते. आपणही ‘तो काठी वापरतो’ असे ऐकून त्याच्या गुडघ्यांची चौकशी करू. त्याहून पुढे जाऊन पाहा: ‘त्याने बंदूक वापरून कोकेन मिळवले’ हे वाक्य कोणत्याही मराठी माणसाला वाचायला द्या, त्याच्या डोळ्यांसमोर दरोडा उभा राहील, देवाणघेवाण नव्हे. अर्थ शब्दात नव्हता, तो ‘बंदूक’ आणि ‘वापरणे’ यांच्या जोडीत होता, आणि न्यायालयाने जोडी फोडून एकच शब्द प्रयोगशाळेत नेला. शब्द कसा वापरता येऊ शकतो आणि सामान्यतः कसा वापरला जातो यांतला फरकच बहुमताच्या लक्षात येत नाही, असे स्कालियांनी बजावले होते.

बहुमताची बाजू अगदी पोकळ होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. शस्त्र म्हणून वापर हा परिचित अर्थ असला तरी त्यामुळे बाकीचे वापर वगळले जातात असे ठरत नाही, हा ओकॉनर यांचा मुद्दा तर्काला धरून होता. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात बेकायदा बंदूकविक्रीसारख्या गुन्ह्यांच्या संदर्भातही ‘यूज’चेच रूप आले होते, हा पुरावा तर अधिक वजनदार होता. पण या दोन मुद्द्यांनी फार तर शंका उभी राहते. आणि फौजदारी कायद्याच्या शब्दांबद्दल शंका असेल तर तिचा फायदा आरोपीला द्यावा, हे तत्त्व न्यायालयाला नवे नव्हते. एका शब्दाच्या दोन शक्य अर्थांपैकी एक निवडून तीस वर्षे देणे ही निवड आहे. ती कोशाने केली असे म्हणता येत नाही, कारण कोश निवड करतच नाही. तो सगळे अर्थ ओळीने लिहून बाजूला होतो. लर्नेड हँड या विख्यात अमेरिकी न्यायाधीशाने १९४५ मध्येच सांगितले होते की शब्दकोशाचा किल्ला करून त्यात लपू नये.

पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे कोशाचा आधार किती ठिसूळ होता हे कळते. १९९५ मध्ये ‘बेली’ खटल्यात त्याच न्यायालयाने, त्याच ओकॉनर यांच्या लेखणीतून आणि या वेळी एकमताने, ठरवले की ‘यूज’ म्हणजे बंदुकीचा सक्रिय उपयोग. गाडीच्या डिकीत किंवा कपाटातल्या कुलूपबंद पेटीत ती नुसती पडलेली असणे पुरेसे नाही. कोश दोन वर्षांत बदलला नव्हता. १९९८ मध्ये ‘जवळ घेऊन वावरणे’ या अर्थाच्या ‘कॅरी’ शब्दावर पाच विरुद्ध चार असा निकाल लागला आणि त्यात न्यायमूर्तींनी कोशांबरोबर जुने वाङ्मय व संगणकावर साठवलेली वृत्तपत्रेही धुंडाळली. नऊ विद्वान माणसे, सगळी मातृभाषा म्हणून इंग्रजी बोलणारी, शाळेतल्या मुलालाही ठाऊक असलेल्या एका क्रियापदावर अशी दुभंगतात, तेव्हा शब्दाचा ‘साधा अर्थ’ ही कल्पनाच थोडी संशयास्पद वाटू लागते.

अलीकडे काही न्यायाधीश कोशाऐवजी भाषेच्या नमुन्यांचे प्रचंड संग्रह तपासावेत असे म्हणू लागले आहेत. अमेरिकेतील यूटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती थॉमस ली यांनी २०११ पासून हा आग्रह धरला. शब्द कोणाच्या संगतीत येतो ते पाहा म्हणजे तो कळेल, हे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांचे १९५७ सालचे म्हणणे त्यामागे आहे, आणि आजची भाषांतर करणारी यंत्रेसुद्धा शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरूनच काढतात. ही पद्धत कोशापेक्षा निश्चित चांगली आहे. पण तीही न्याय देत नाही. लोक बहुधा काय म्हणतात एवढेच ती सांगते. तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइन यांचे ‘शब्दाचा अर्थ म्हणजे त्याचा भाषेतला वापर’ हे वाक्य अशा वेळी हमखास उद्धृत होते. ते वाक्य इंग्रजीत ज्या शब्दावर उभे आहे तो ‘यूज’च आहे, आणि मूळ विधानात ‘सर्व ठिकाणी नव्हे, पण बऱ्याच ठिकाणी’ अशी सावध अट होती, ही गोष्ट उद्धृत करणारे बहुधा गाळतात.

लिहिणाऱ्यांनी काळजी घेतली तर काय साधते, याची उदाहरणेही आहेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी युरोपीय संघाने २०१६ मध्ये केलेला आणि २५ मे २०१८ पासून लागू झालेला नियम पाहा. माहितीचा ‘यूज’ नियंत्रित करू, एवढे लिहून तो थांबला असता तर प्रत्येक कंपनी म्हणाली असती की आम्ही माहिती फक्त साठवली, वापरली कुठे? म्हणून नियमाने ‘प्रक्रिया’ असा व्यापक शब्द घेतला आणि गोळा करणे, नोंदवणे, साठवणे, बदलणे, पाहणे, वापरणे, उघड करणे, पुसून टाकणे अशा क्रिया त्याखाली एकेक करून मांडल्या. ‘यूज’ तिथे अनेकांतला एक झाला, म्हणून त्याची व्याप्ती आपोआप आटोक्यात आली. शिवाय माहिती कोणत्या हेतूने घेतली ते आधी सांगण्याचे बंधन घातले. रासायनिक अस्त्रांविषयीच्या १९९३ सालच्या करारातही विकसित करणे, तयार करणे, मिळवणे, साठवणे, हस्तांतरित करणे आणि वापरणे हे स्वतंत्रपणे निषिद्ध केले आहे.

याउलट संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ सालच्या सनदेत ‘बळाचा धाक किंवा वापर’ एवढेच शब्द आहेत. त्यांचा अर्थ लावण्याचे काम आंतरराष्ट्रीय न्यायालयावर पडले आणि १९८६ मध्ये निकाराग्वाच्या प्रकरणात त्याने म्हटले की बंडखोरांना शस्त्रे व प्रशिक्षण देणे या शब्दांत येऊ शकते, नुसता पैसा पुरवणे येत नाही. रेषा समंजस असेल, पण ती सनदेत नव्हती. अण्वस्त्रांबाबतही तेच. १९४५ नंतर ती युद्धात ‘वापरली’ गेली नाहीत हे आपण समाधानाने म्हणतो. अमेरिकेच्या अण्वस्त्रयोजनांवर काम केलेले डॅनियल एल्सबर्ग यांचे म्हणणे असे की ती अनेकदा वापरली गेली आहेत, माणसाच्या डोक्याला लावलेली बंदूक चाप न ओढताही वापरली जाते तशी. त्यांचे मत पटो न पटो, दोन्ही विधानांत शब्द एकच आहे आणि प्रत्येक बाजूला आपला अर्थ स्वाभाविक वाटतो.

यावर आक्षेप घेतला जाईल की कायदा करणाऱ्याला भविष्यातली प्रत्येक युक्ती दिसत नाही. काटेकोर यादी केली की धूर्त माणूस तिच्यातल्या फटीतून निसटतो, आणि मोकळा शब्द त्याला अडवतो. आक्षेपात तथ्य आहे. दिवाणी व्यवहारात, करारांत, नियामकांच्या कामात थोडा सैलपणा मी मान्य करीन. युरोपीय नियमानेही यादीपूर्वी ‘कोणतीही क्रिया’ असे शब्द ठेवलेच आहेत. परंतु तुरुंगवासाचा प्रश्न असतो तेव्हा निसटण्याचा धोका कोणी पत्करायचा, हे ठरलेले असले पाहिजे. शब्द निवडण्याचा अधिकार आणि वेळ विधिमंडळाकडे असतात, आरोपीकडे नसतात. आपला शब्द अपुरा पडला असे विधिमंडळाला वाटले तर तो दुरुस्त करण्याची वाट उघडी असते. अमेरिकी काँग्रेसने तेच केले. ‘बेली’ निकालानंतर १९९८ मध्ये तिने गुन्ह्याला साहाय्य व्हावे म्हणून बंदूक ‘बाळगणे’ हा नवा शब्द कायद्यात घातला. पेटीतली बंदूक त्यात नीट बसते. पाच वर्षांपूर्वी हेच करता आले असते.

‘यूज’ शब्दाला मात्र तेवढ्याने विश्रांती मिळाली नाही. २००७ च्या डिसेंबरात ‘वॉटसन’ खटल्यात उलटा व्यवहार न्यायालयापुढे आला: या वेळी आरोपीने अमली पदार्थ दिले होते आणि बंदूक घेतली होती. न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी लिहिले की सफरचंद देऊन खाऊची वडी मिळवणाऱ्या मुलाने सफरचंद ‘वापरले’ असे म्हणता येईल, पण त्याने वडी वापरली असे म्हटले तर व्यवहार कोणत्या बाजूने झाला हे कोणालाच ओळखता येणार नाही. म्हणून बंदूक घेणारा ती ‘यूज’ करत नाही, असा एकमताने निर्णय झाला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी निकालाला संमती देताना सुचवले की अशा स्थितीत ‘स्मिथ’ निकालच रद्द करावा. तो त्या दिवशी रद्द झाला नाही. एकाच टेबलावर, एकाच क्षणी, एकच बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जाते. न्यायालयाच्या इंग्रजीत ती पुढे सरकवणारा तिचा वापर करतो आणि उचलून घेणारा करत नाही.